प्रतिजैविके पाठ करायची की समजून घ्यायची?



आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी मे महिन्यात घरी आली होती. ती बी.एस्सी. नर्सिंगला आहे. आरे-वारेच्या किनाऱ्यावर सुट्टीत पर्यटकांची गर्दी असते. तिच्या आईची तिथे सुरूच्या झाडांखाली सरबताची आणि आवळा-कोकमाची गाडी असते. मुलगी आली की एरवी आईला मदत करते, पण या वेळी ती गाडीवर दिसली नाही. चौकशी केली तेव्हा आई म्हणाली, "काय सांगू बाई, दिवसभर खोलीत बसते नि गोळ्यांची नावं घोकते. जेवतपण नाय धड. त्या एका विषयात गेल्या वेळी राहिली ना."

विषय होता औषधशास्त्र. त्यातही ती अडली होती ती प्रतिजैविकांच्या धड्यावर. मी म्हटलं, पाठवून द्या संध्याकाळी.

ती आली. पडवीत बसली आणि पिशवीतून वही काढली. अकरा पानं भरून औषधांची नावं, प्रत्येकासमोर मात्रा, उपयोग, दुष्परिणाम, परिचारिकेची जबाबदारी. अक्षर मोत्यासारखं. मी कुठल्याही पानावर बोट ठेवलं की ती घडाघडा म्हणत होती. मग मी तिला विचारलं, "या जेन्टामायसिनने किडनीला त्रास होतो असं तू म्हणालीस. म्हणून तू वॉर्डात काय बघशील?" ती थांबली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, ते पुढच्या रकान्यात आहे. पण रकाना आठवत नाही आता. पेपरात असंच होतं. सगळं येत असतं आणि सगळं एकमेकांत मिसळतं."

मला त्या क्षणी तिच्या कॉलेजपेक्षा माझीच जास्त लाज वाटली. कारण अशी वही लिहायला तिला शिकवलं कोणी? मीच.

चूक कुठे झाली?

नववीच्या विज्ञानात उपयुक्त आणि उपद्रवी सूक्ष्मजीवांचा पाठ आहे. त्यात पेनिसिलीन आहे, प्रतिजैविकं म्हणजे काय ते आहे. आठवीत आरोग्य आणि रोगांचा पाठ आहे. मी हे पाठ कित्येक वर्षं शिकवले. कसे शिकवले? फळ्यावर प्रश्न लिहिले, खाली उत्तरं लिहिली, मुलांनी उतरवून घेतली. "पेनिसिलीनचा शोध कोणी लावला? अलेक्झांडर फ्लेमिंग. कधी? १९२८." एक गुण मिळाला, विषय संपला. पेनिसिलीन जिवाणूला मारतं तर आपल्याला का मारत नाही, हा साधा प्रश्न मी वर्गात कधी विचारला नाही. कोणा मुलाने विचारला असता तर बहुतेक "ते तुम्हाला पुढच्या वर्गात आहे" असं म्हणून मी वेळ मारून नेली असती.

हीच मुलगी पुढे गेली आणि तिथेही तिने तेच केलं. तिथे इंग्रजी पुस्तक होतं, शिकवण्याचा वेग जास्त होता, औषधं शंभराच्या वर होती. आपण दिलेलं एकच हत्यार तिच्याजवळ होतं, घोकंपट्टी. दहा नावांपर्यंत ते चालतं, शंभरावर गेलं की मोडतं.

माझं मत मी आधीच सांगून टाकते. नर्सिंगला जाणारी आपली मुलं या विषयात अडतात ती बुद्धी कमी म्हणून किंवा इंग्रजी कच्चं म्हणूनच अडतात असं मला वाटत नाही. कारण न विचारता यादी पाठ करायची सवय आपण शाळेत लावतो, तिथे खरी अडचण आहे. आणि ही अडचण फक्त परीक्षेपुरती राहत नाही, ती पुढे रुग्णाच्या खाटेपर्यंत जाते.

चार प्रश्न

आम्ही दोघींनी ती अकरा पानं बाजूला ठेवली. मी काही औषधशास्त्राची जाणकार नाही. पण तिचं पुस्तक समोर होतं आणि विज्ञान शिकवायची सवय होती. प्रत्येक गटाला चारच प्रश्न विचारायचे असं ठरवलं. हे औषध जिवाणूच्या कोणत्या भागावर मारा करतं? आपल्या पेशीला ते का लागत नाही, किंवा कमी का लागतं? तरीही आपल्याला कुठे इजा करू शकतं? आणि म्हणून परिचारिकेने काय करायचं?

पहिला गट पेनिसिलीन आणि सेफॅलोस्पोरिनचा. जिवाणूभोवती पेशीभित्तिका असते. मी तिला घराची भिंत दाखवली. आपल्याकडे जांभ्या चिऱ्याची बांधकामं सगळ्यांनी पाहिलेली असतात. चिरे कितीही चांगले असले तरी ते सांधणारा गवंडी हवा. पेनिसिलीन त्या गवंड्याचा हात धरतं. जिवाणू वाढत असतो, भिंत वाढवायला बघतो, पण सांधे जुळत नाहीत, बाहेरचं पाणी आत शिरतं आणि जिवाणू फुटतो. आता दुसरा प्रश्न. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, फक्त पातळ आवरण असतं. म्हणून हे औषध आपल्याला तुलनेने निर्धोक. तिसरा प्रश्न, मग धोका कशाचा? ॲलर्जीचा. कोणाला अंगावर पित्त उठतं, तर क्वचित कोणाचा श्वास अडकतो आणि रक्तदाब कोसळतो. चौथ्याचं उत्तर तिने स्वतःच दिलं, "म्हणून पहिल्या डोसच्या आधी विचारायचं की पूर्वी कधी या औषधाने त्रास झाला होता का. ॲड्रेनालीन जवळ ठेवायचं. आणि इंजेक्शन दिल्यावर लगेच निघून जायचं नाही, थांबून बघायचं." हे तिच्या वहीत सहाव्या रकान्यात होतं. आता रकान्याची गरज उरली नाही.

दुसरा गट प्रथिनं तयार करणाऱ्या कारखान्यावर मारा करणाऱ्यांचा. हा कारखाना म्हणजे रायबोझोम. जिवाणूचा रायबोझोम आपल्यापेक्षा वेगळ्या बनावटीचा असतो, म्हणून औषधाला दोघांतला फरक कळतो. जेन्टामायसिन, अमिकासिन यांसारखी औषधं या गटातली. ती मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात आणि तिथल्या पेशींत साठतात, कानाच्या आतल्या नाजूक पेशींनाही लागतात. म्हणजे परिचारिकेने लघवीचं प्रमाण मोजायचं, रक्तातलं क्रिएटिनिन किती आलं ते बघायचं, आणि रुग्णाला विचारायचं, "आजी, कानात काही गुणगुणतंय का? चालताना तोल जातोय का?" सुरुवातीला ज्या प्रश्नावर ती थांबली होती, त्याचं उत्तर हे होतं.

याच गटात डॉक्सिसायक्लिन येतं. आमच्या कोकणात लेप्टोस्पायरोसिसमुळे हे नाव पुष्कळांना माहीत आहे. पावसाळ्यात उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यात, चिखलात लावणीसाठी उभं राहिलं आणि पायाला जखम असली की हा जिवाणू शिरतो. ही गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा आम्लपित्ताच्या गोळ्यांबरोबर एकाच वेळी घ्यायची नाही, कारण ती त्यांना चिकटते आणि रक्तात नीट उतरत नाही. उन्हाने कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. गरोदर बाईला आणि लहान मुलाला डॉक्टरांना न विचारता द्यायची नाही. हे सांगताना मुलीच्या डोळ्यांसमोर तिचेच काका होते, शेतात जाणारे. मग विसरणार कशी?

तिसरा गट जिवाणूच्या जनुकीय द्रव्यावर मारा करणारा. सिप्रोफ्लॉक्सासिन त्यातलं, याने पायाच्या शिरा म्हणजे स्नायुबंध दुखावू शकतात. टाचेच्या वर दुखतंय असं रुग्ण म्हणाला तर ते "चालून चालून दुखत असेल" म्हणून सोडून द्यायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं.

चौथा गट सल्फाचा. जिवाणूला फॉलिक आम्ल स्वतः बनवावं लागतं, आपण ते पालेभाजीतून, कडधान्यातून आयतं खातो. सल्फा औषध जिवाणूची ही चूल विझवतं. आपली चूल तिथे नसतेच, म्हणून आपल्याला झळ कमी. पण अंगावर पुरळ येऊ शकतो आणि मूत्रात खडे धरू शकतात, म्हणून पाणी भरपूर.

असे चार-पाच गट झाले आणि ती म्हणाली, "बाई, मग सर्दीला हे का चालत नाही ते पण यातच आलं!" तिने स्वतःच जोडलं की विषाणूला भिंत नाही, स्वतःचा कारखाना नाही. तो आपल्याच पेशीत शिरून आपलाच कारखाना वापरतो. मग पेनिसिलीन मारा कशावर करणार? माझ्या दृष्टीने त्या संध्याकाळचं सगळ्यात मोठं यश ते वाक्य होतं. पुस्तकातली ओळ तिने आता स्वतः काढली होती.

'मायसिन' आणि 'कर'

नावांचा घोळ मात्र राहिलाच होता. ती म्हणाली, "मॅडमनी सांगितलंय शेपूट बघून गट ओळखायचा. सिलिन, सायक्लिन, फ्लॉक्सासिन. पण मायसिनमध्ये माझं नेहमी चुकतं."

शेपूट बघायची युक्ती चांगली आहे. पण 'मायसिन'ला ती फसते. जेन्टामायसिन, ॲझिथ्रोमायसिन, व्हँकोमायसिन या तिन्हींत मायसिन आहे. पण पहिलं आणि दुसरं कारखान्याच्या वेगवेगळ्या भागांवर मारा करतात आणि तिसरं भिंतीवर. जेन्टामायसिन कान आणि मूत्रपिंडाला जपून द्यायचं, ॲझिथ्रोमायसिनने पोट बिघडू शकतं आणि काहींच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, आणि व्हँकोमायसिन शिरेतून हळूहळू, निदान तासभर लावून द्यायचं, घाई केली तर अंग लालबुंद होऊन खाजतं. तिघांना एका गटात टाकलं तर परीक्षेत गुण जातील आणि वॉर्डात माणसाला त्रास होईल.

मग मी तिला आपल्या आडनावांचं उदाहरण दिलं. आपल्याकडे 'कर' लावलं की गाव कळतं, धंदा कळत नाही. एकाच गावाचं आडनाव लावणारा एक जण मच्छीमार असतो, दुसरा शिक्षक, तिसरा सुतार. 'मायसिन'चंही तसंच. ही औषधं मूळ मातीतल्या एका जातीच्या सूक्ष्मजीवांपासून निघाली, एवढंच त्या शेपटाने कळतं. गाव एक, धंदे वेगळे. हे तिला इतकं पटलं की तिने वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "मायसिन = कर".

याच मातीची एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे आणि ती वर्गात सांगायला हवी. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथे एम. जे. थिरुमलाचार यांच्या संशोधनातून हॅमायसिन नावाचं बुरशीवरचं औषध निघालं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते काढलं त्याच्या शास्त्रीय नावातच पिंपरी आहे, स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना. फ्लेमिंगचं नाव आपण शिकवतोच, पिंपरीचं का नाही?

सवय अंगाला लागत नाही

आता माझी स्वतःची एक फजिती सांगते. बोलता बोलता ती मुलगी म्हणाली, "बाई, तुमच्याकडे डोकेदुखीची गोळी असेल तर द्या." मी कपाटाचा खण उघडला. तिने आत बघितलं आणि गप्प झाली. खणात ॲझिथ्रोमायसिनची अर्धी पट्टी होती, अमॉक्सिसिलिनच्या चार कॅप्सूल होत्या, एका नावावरची तर अक्षरंच पुसली होती. गणपतीला मुंबईहून आलेले चाकरमानी जाताना उरलेली औषधं ठेवून जातात, "असू दे, लागतील कधी." आणि मी ती वापरतही होते. मुलाला सर्दी झाली की दोन दिवस एक-एक द्यायची, बरं वाटलं की बंद.

ती मोठ्या आदराने, पण स्पष्ट बोलली. "बाई, सर्दी तर विषाणूची. आणि पट्टीवर ही लाल उभी रेघ बघितलीत?" मी पाहिली होती, पण कधी विचार केला नव्हता. ती रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही. १ मार्च २०१४ पासून आपल्याकडे काही ठरावीक औषधांसाठी एच-१ नावाची वेगळी यादी लागू झाली. त्यात क्षयरोगाची औषधं आणि बरीच वरच्या पायरीची प्रतिजैविकं आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने वेगळ्या वहीत ठेवायची असते.

आपल्यापैकी बरेच जण म्हणतात, "जास्त गोळ्या घेतल्या तर अंगाला सवय होते, मग गोळी लागू पडत नाही." मीही तेच म्हणायचे. पण सवय अंगाला होत नाही. बदलतात ते जिवाणू. लाखो जिवाणूंत एखादा असा असतो की ज्याला औषध चालत नाही. त्याच्याकडे औषध तोडणारी कात्री असते, किंवा औषध बाहेर फेकणारा पंप असतो. आपण गरज नसताना औषध घेतलं की त्याचे साधे शेजारी मरतात आणि मोकळ्या जागेत तोच वाढतो. वाईट हे की असा जिवाणू माझ्यापुरता राहत नाही. तो माझ्याकडून माझ्या मुलाला, मुलाकडून शेजाऱ्याला जातो. म्हणजे गोळी मी खाल्ली आणि ती लागू पडत नाही दुसऱ्याच कोणाला, ज्याने आयुष्यात ती घेतलेली नसेल.

हे नवं ज्ञान नाही. १९४५ साली नोबेल स्वीकारताना खुद्द फ्लेमिंग यांनी हा इशारा दिला होता की अपुरी मात्रा घेतली तर जिवाणू औषधाला दाद देईनासे होतील. २०११ च्या अखेरीस मुंबईत हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे क्षयरुग्ण नोंदवले की ज्यांच्या जिवाणूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. आणि २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू अशा दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज २०२२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला.

क्षयाच्या औषधांत तर परिचारिकेच्या एका वाक्याला किती किंमत आहे पाहा. रिफाम्पिसिन घेतलं की लघवी केशरी होते. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण घाबरतो, रक्त जातंय समजतो आणि गोळ्या समुद्रात फेकतो. सहा महिन्यांचा उपचार दुसऱ्या आठवड्यात संपतो. "रंग बदलेल, घाबरू नका, हा औषधाचाच रंग आहे," एवढं वाक्य त्याच्या भाषेत सांगणारी परिचारिका हवी. तसंच इथॅम्ब्युटॉलने नजरेवर परिणाम होऊ शकतो, लाल-हिरवा ओळखता येईनासा होतो, म्हणून विचारत राहायचं. आयसोनियाझिडने हातापायाला मुंग्या येऊ शकतात, म्हणून बी-६ जीवनसत्त्व देतात. रकान्यातले हे शब्द पाठ असून उपयोग नाही, ते आजोबांना समजेल असं सांगता यायला हवेत.

हे कशासाठी शिकायचं?

आरे-वारेहून गणपतीपुळ्याच्या रस्त्याने पुढे गेलं की मालगुंड लागतं. केशवसुतांचं जन्मगाव. त्यांचं स्मारक बघायला आपण मुलांच्या सहली नेतो. केशवसुत पेशाने आपल्यासारखेच शिक्षक होते. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीला प्लेगने ते गेले, चाळिशीच्या आतच. त्याआधी १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने. शिक्षिका आणि परिचारिका ही दोन्ही कामं एकाच बाईने केली, आणि तिचं मरणही त्याच कामात झालं. प्लेगचा जिवाणू १८९४ सालीच सापडला होता. शत्रू कोण ते माहीत होतं, पण हातात औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन निघालं १९४३ साली. आज प्लेगवर वेळेत उपचार मिळाले तर माणूस वाचतो.

मी हे त्या मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पेपरात ज्याची चार ओळींत टीप लिहायची, ते असतं तर सावित्रीबाई वाचल्या असत्या?" वाचल्या असत्या कदाचित. सावित्रीबाईंच्या जयंतीला आपण भाषणं करतो. त्या दिवशी वर्गात हे एवढं सांगितलं तरी प्रतिजैविक म्हणजे काय आणि ते वाया घालवणं म्हणजे काय, हे मुलांना आयुष्यभर आठवेल.

काही आक्षेप

हे मी शिक्षक कक्षात बोलले तेव्हा दोन आक्षेप आले.

एक म्हणजे, "नावं तर पाठ करावीच लागतात." अगदी खरं आहे. मात्रा, नावं, वेळा पाठ हव्यातच. वॉर्डात पुस्तक उघडून बसता येत नाही. माझं म्हणणं एवढंच की पाठांतर शेवटी यावं. आधी खुंटी ठोकायची, मग सदरा अडकवायचा. खुंटीच नसेल तर सगळे कपडे जमिनीवर पडतात, आणि तिच्या पेपरात तेच झालं होतं.

दुसरा आक्षेप, "परीक्षा इंग्रजीत, मग मराठीत समजून काय उपयोग?" उपयोग असा की समजलेली गोष्ट भाषांतर करून लिहिता येते, न समजलेली फक्त उतरवता येते. तिने आधी मराठीत बोलून दाखवलं, मग तेच इंग्रजीत लिहिलं. वाक्यं साधी होती, पण तिची होती. आणि रत्नागिरीच्या रुग्णालयात तिच्यासमोर येणारा माणूस काही इंग्रजी बोलणार नाही. पेशीभित्तिका हा शब्द आणि 'सेल वॉल' हे दोन्ही शब्द तिच्या तोंडी असायला हवेत.

गणिताचंही असंच. मात्रा काढायचं सूत्र तिने पाठ केलं होतं आणि घाईत वरचं खाली करत होती. मी तिला विचारलं, "बाटलीवर लिहिलंय ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम. बाळाला २०० मिलिग्रॅम द्यायचंय. किती मिली?" सूत्र उलटं लावून उत्तर आलं ३.१ मिली. मी म्हटलं, "१२५ साठी ५ मिली लागतात, मग २०० साठी त्याहून कमी कसे लागतील गो बाय?" ती हसली. मग सातवीतलं त्रैराशिक केलं. १ मिलीत २५ मिलिग्रॅम, म्हणून २०० साठी ८ मिली. त्रैराशिक शिकवताना आपण नेहमी वह्या-पेन्सिलींची उदाहरणं घेतो. एखादं औषधाच्या बाटलीचं घेऊन पाहा. घरातला चहाचा चमचा कसा लहानमोठा असतो आणि म्हणून बाटलीबरोबरचं मापच का वापरायचं, हेही त्यात येऊन जातं.

आपण काय करू शकतो

शिक्षकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. सूक्ष्मजीवांच्या पाठात "आपल्याला का मारत नाही?" हा प्रश्न जरूर विचारा, आणि उत्तर लगेच देऊ नका. जिवाणू, विषाणू आणि बुरशी यांतला फरक चित्र काढून करून घ्या, कारण पुढची सगळी औषधं त्यावर उभी आहेत. आणि मुलांना घरी जाऊन औषधांच्या पट्ट्यांवरची लाल रेघ शोधायला सांगा. मात्र गोळ्यांना हात न लावता, मोठ्यांसमोर.

पालकांना सांगणं असं की उरलेली प्रतिजैविकं जपून ठेवू नका, शेजाऱ्याला देऊ नका. डॉक्टरांकडे "जरा हेवी डोस द्या" असा आग्रह धरू नका. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घ्या, त्याहून कमी नाही आणि मनाने जास्त नाही. दिवसातून तीन वेळा म्हणजे शक्यतो आठ-आठ तासांनी, सकाळ-दुपार-संध्याकाळ घाईने उरकायचं नाही. आणि तुमची मुलगी नर्सिंगला असेल तर तिला "किती पाठ झालं?" विचारू नका. "आज काय शिकलीस ते मला सांग बघू" असं विचारा. आईला समजलं म्हणजे मुलीला नक्की समजलं.

त्या मुलीने पुढचे बारा दिवस तेच केलं. गाडीवर आईला मदत करायची आणि गिऱ्हाईक नसताना आईला औषधं समजावून सांगायची. आई मला नंतर म्हणाली, "बाई, आता मलापण येतात. भिंत, कारखाना, चूल." तिची परीक्षा झाली आहे, निकाल अजून लागायचा आहे. तो काहीही लागो, तिने ते खरोखर शिकून घेतलं आहे, याबद्दल मला शंका नाही.

माझ्या कपाटातला तो खण मी त्याच रात्री रिकामा केला. आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर नववीच्या वर्गात तो पाठ मी पुन्हा पहिल्यापासून तयार करून शिकवणार आहे. या वेळी फळ्यावर उत्तरं लिहून देणार नाही.

तुमच्या शाळेतून नर्सिंगला गेलेल्या मुलांशी एकदा बोलून बघा. त्यांची वही उघडून बघा. आणि तुम्ही हा पाठ वर्गात कसा घेता, ते आम्हालाही जरूर कळवा.